लाखेवरचं चक्र

या, श्रोते हो, असे जवळ या. अक्का, तुम्ही त्या खांबाला टेकून बसा. नाना, तुमचा पानाचा डबा जरा बाजूला सारा, म्हणजे मागच्यांनाही दिसेल. झांजा घटकाभर खाली ठेवू. आज एक गोष्ट सांगतो. देवाचीच म्हणा; पण देव तिच्यात नेमका कुठं उभा होता, ते शेवटी तुम्हीच मला सांगा, कारण मला अजून ते नीट उमगलेलं नाही. गोष्ट धुळ्याच्या पोस्टातली आहे, एका पार्सलाची आहे… आणि त्या पार्सलावरच्या लाखेच्या एवढ्याशा ठिपक्याची आहे.

लढाईचे दिवस होते. घासलेट मिळेनासं झालं होतं आणि आगगाड्या शिपायांनी भरभरून जात होत्या. अशाच एका वैशाखातल्या दुपारी अभिमन नावाचा तरुण कारकून पार्सलाच्या खिडकीत बसून गोंदाच्या भांड्यात पाणी घालत होता. बाहेर रस्ता नुसता रखरखत होता. तोच खिडकीच्या फळीवर एक गाठोडं धपकन येऊन पडलं आणि त्यामागून धापा टाकत आवाज आला —

"भाऊ, हे बऱ्हाणपूरला आजच्या आज पोचेल का?"

अभिमननं मान वर केली. मोतिया रंगाचं लुगडं, उन्हानं लाल झालेले गाल, कपाळावर बुक्क्याचा ठिपका… आणि डोळ्यांत अशी घाई, की हिच्यासाठी गाडी थांबवून धरावी.

"आजच्या आज तर मारुतीरायच नेऊ शकतील," तो म्हणाला, "आणि ते आमच्या खात्यात नाहीत."

"चेष्टा नका करू हो. परवा आबांचं कीर्तन आहे, आणि फेटा घरीच राहिला!"

"आबा म्हणजे?"

"शालिग्रामबुवा. मी त्यांची मुलगी, सुगंधा."

आता शालिग्रामबुवा खानदेशात कुणाला ठाऊक नव्हते? कीर्तनाला उभे राहिले की रडणारी पोरं आईच्या खांद्यावर गप्प व्हायची. पण माणूस असा, की सगळं चित्त पांडुरंगापाशी. घरातून निघताना काही ना काही मागं राहायचंच. सुगंधाची आई ती लहान असतानाच देवाघरी गेली. तेव्हापासून बुवांचं घर आणि बुवांचं विसरणं, दोन्ही ही पोर सांभाळत आली होती.

अभिमननं गाठोडं हातात तोललं. "हे बघा, साधं पार्सल केलं तर जाईल सावकाश. रजिस्टर केलं तर जाईल सांभाळून, वर पोचल्याची पोच येईल. एक्सप्रेस केलं, तर तिथं गाडीतून उतरल्या उतरल्या वेगळा माणूस दारात नेऊन देईल. आणि रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून पाठवलंत तर त्याहून लवकर — पण बुवांना स्टेशनावर जाऊन सोडवून आणावं लागेल."

"आबा स्टेशनावर गेले तर पार्सल तिथंच ठेवून भलत्याच गाडीत बसतील," सुगंधा म्हणाली. "एक्सप्रेस करा. आणि रजिस्टरही करा."

तिनं तिथंच, पोस्टाच्या पायरीवर बसून, मांजरपाटाच्या जाड कापडात फेटा शिवून बंद केला. अभिमननं मेणबत्ती पेटवून लाखेची कांडी तिच्यापुढं सरकवली. शिवणीवर लाख टपकली तशी तिनं कनवटीचं नाणं काढून टेकवलं.

"अं हं… राजाचं तोंड नको," तो म्हणाला. "ते प्रत्येकाच्या खिशात असतं. खूण अशी हवी, की दुसऱ्या कुणापाशी नसेल. मध्येच कुणी लाख फोडली तर त्याला पुन्हा तशी करता येऊ नये."

सुगंधा विचारात पडली. मग एकदम कपाळावर हात मारून तिनं पिशवीतून एक पुरचुंडी काढली. "हे बघा! मुद्राही राहिल्याच की. मी आणल्या होत्या फेट्याबरोबर घालायला, आणि विसरले." गोपीचंदनात बुडवून दंडावर उमटवायच्या तांब्याच्या दोन मुद्रा होत्या त्या — एक शंख, एक चक्र.

"विसरणं घराण्यातच दिसतंय," अभिमन पुटपुटला.

"ऐकू येतं मला!"

तिनं शंख उचलला आणि लाखेवर दाबला. दाबताना कढत थेंब तिच्या बोटावर उडाला. ती 'आई गं' म्हणेस्तोवर त्यानं गोंदाच्या भांड्यातला ओला बोळा तिच्या बोटावर धरलाही होता.

"अहो, गोंद आहे त्याला! चिकटेल ना!"

"चिकटलं तर पोस्टाची जबाबदारी," तो म्हणाला. आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्याचेच कान लाल झाले.

शिवण पुन्हा उसवून चक्राची मुद्रा आत घातली, शंखाची खुणेसाठी मागं ठेवली, पुन्हा लाख झाली. पण त्या वेळी त्यानं मुद्दाम जाड ओतली. "घाईच्या टपालाला फार हात लागतात," तो म्हणाला. "हा फेकतो, तो झेलतो. साधं पार्सल गोणीत निवांत झोपून जातं. म्हणून घाईच्या वस्तूची लाख जाड असावी."

हे वाक्य, श्रोते हो, ध्यानात असू द्या.

फेटा वेळेवर पोचला. बुवांनी तो बांधून कीर्तन केलं, आणि चष्मा बऱ्हाणपुरालाच ठेवून घरी आले. पुढं हे असंच चाललं. बुवा जामनेरला गेले, तुळशीची माळ राहिली. अमळनेरला गेले, उपरणं राहिलं. एकदा तर चिपळ्यांमधली एकच चिपळी घेऊन गेले. दर वेळी सुगंधा खिडकीशी यायची, आणि दर वेळी तेच बोलणं व्हायचं — साधं, रजिस्टर, की एक्सप्रेस?

"रजिस्टरच करा," अभिमन सांगायचा.

"का? साधं का नको?"

"रजिस्टरला पोच येते."

"मग?"

"पोच आली का, ते विचारायला तुम्हाला यावं लागतं…"

शेजारच्या मनिऑर्डरीच्या खिडकीत तोताराम नावाचे जुने कारकून बसायचे. त्यांच्या नाकावर चष्मा आणि जिभेवर तिखट. ते म्हणायचे, "अभिमन, पोच पोस्टमन घरी नेऊन देतो रे! का खात्यानं नियम बदलला?"

सुगंधा पदर तोंडाला लावून निघून जायची. पण पोच विचारायला ती यायची, हे खरं.

आणि एक सांगू? हे बुवांना कळता कामा नये… पण चोपड्याच्या सप्ताहाला बुवा निघाले, तेव्हा ते काहीच विसरले नव्हते. पिशवी दारात भरलेली होती. सुगंधानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, देव्हाऱ्यातल्या विठोबाकडं पाहायचं टाळलं, आणि घडी केलेलं उपरणं पिशवीतून हळूच काढून फडताळात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी उभी राहिली, तेव्हा तिची नजर फळीवरून वर उठेना.

"बुवा पुन्हा विसरले?" अभिमननं विचारलं.

"हो… म्हणजे… राहिलं ते."

तो तिच्याकडं बघत राहिला. ती मांजरपाटाचा धागा बोटाला गुंडाळत राहिली. तोतारामांनी खोकून खोकून घसा दुखवला, तरी दोघांना ऐकू गेलं नाही. निघताना नेहमी 'येते हं, भाऊ' म्हणायची ती. त्या दिवशी नुसतं 'येते हं' म्हणाली. अभिमन दिवसभर त्या गळून पडलेल्या शब्दाच्या आनंदात होता. दोन पार्सलांवर त्यानं उलटे शिक्के मारले.

तो जामद्याचा, चाळीसगावच्या वाटेवरच्या गावचा. घरी आई होती, भिकुबाई; थोडी जमीन, बैलजोडी. शहरात तो शहरातल्यासारखं बोलायचा, पण फार आनंद झाला किंवा फार घाबरला की त्याच्या तोंडी गावची बोली यायची. तीही सुगंधाला कळली, ती त्या श्रावणात.

खात्याकडून पत्रक आलं होतं. समुद्रापार वाळवंटात लढणाऱ्या पलटणींसाठी पोस्टाची माणसं हवी होती. अभिमननं नाव दिलं, आणि निघायचा हुकूमही आला. सुगंधाला हे कळलं ते तोतारामांकडून, आणि ती जी तरातरा आली ती सरळ खिडकीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. हातात पार्सल नव्हतं.

"कशाला दिलंत नाव?"

"जामद्याची पोरं आहेत तिकडं, शिरूडची आहेत," तो खाली मान घालून म्हणाला. "त्यांच्या आया या खिडकीशी येतात. मला विचारतात, बाबू, माझ्या लाडवांचा चुरा तर नाही ना होणार? मी 'नाही' म्हणतो. इथं बसून म्हणतो… तिकडं कुणीतरी ते खरं करायला हवं ना?"

फळीवरचे तिचे हात खाली आले. बाहेर बैलगाडीची चाकं चिखलात करकरली. तोताराम, देव त्यांचं भलं करो, उठून उगाच पाणी प्यायला गेले.

"सुगंधाबाई…" तो म्हणाला. मग थांबला. मग शहरातलं सगळं बोलणं त्याच्या हातून निसटलं. "तू… तू मनी व्हशी का?" माझी होशील का, असं विचारत होता तो.

तिचे डोळे भरून आले. "आबा गावाला गेलेत," ती कशीबशी म्हणाली. "त्यांना विचारल्याशिवाय कसं सांगू?"

"विचारा. घाई नाही."

"तुम्ही तर उद्या निघणार. मग सांगू कसं? पत्रात?"

"पत्रात नको!" तो घाईघाईनं म्हणाला. "लढाईवरची पत्रं सरकार फोडून वाचतं. माझ्याच शेजारी बसणारा कुणी मोठ्यानं वाचून दाखवेल. पार्सल पाठवा, बोटीनं जाणारं. शिवलेल्या कापडाला कुणी सहसा हात लावत नाही. होय असेल तर लाखेवर चक्र उमटवा. आणि नाही असेल तर… शंख."

"आणि शंख आला तर काय कराल?"

"वाळवंटात बसून शंखच करीन, दुसरं काय!"

रडता रडता ती हसली. तेच हसू घेऊन तो दुसऱ्या दिवशी चाळीसगावच्या गाडीत बसला.

बुवा परतले, तेव्हा सुगंधानं पाय धुवायला पाणी दिलं, भाकरी वाढली, आणि वाढता वाढता सगळं सांगून टाकलं. उपरण्याचं तेवढं सांगितलं नाही.

बुवा जेवत राहिले. मग म्हणाले, "मुलगा चांगला आहे. चोपड्याला तुझं ते उपरणं आलं ना, तेव्हाच मला कळलं."

"काय कळलं, आबा?"

"अगं, ते मी स्वतः घडी करून पिशवीत ठेवलं होतं! ते आपल्या पायांनी फडताळात कसं गेलं? म्हटलं, पोरीला पोस्टात काम दिसतंय. मग पुढं मीच एकेक वस्तू मागं ठेवायला लागलो." त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, उठले, देव्हाऱ्यातून चक्राची मुद्रा आणून तिच्या तळहातावर ठेवली. "घे. आणि लाख चांगली तापव."

सुगंधा तिथंच, चुलीपाशी, तोंड झाकून बसली. असं सुख माणसाला बघवत नाही, म्हणून झाकून घ्यावं लागतं.

मग तिनं पार्सल केलं. डिंकाचे लाडू, मेतकूट, बुवांची ऊबदार घोंगडी, गावच्या विठ्ठलाच्या पायांवरचा बुक्का. सगळं मांजरपाटात शिवून ती पोस्टात गेली. खिडकीत आता तोताराम होते. पत्त्यात गावाचं नाव नव्हतंच. पलटणीच्या पोस्टाचा नुसता आकडा होता.

"बोटीनं जाईल," तोताराम म्हणाले. "केव्हा, ते मात्र विचारू नकोस, पोरी. बोटी मुंबईला अडकून पडतात. एकट्या सुटत नाहीत, सोबत मिळेपर्यंत थांबतात. आणि सुटलेली पोचतेच असंही नाही."

"दुसरं काहीच नाही का? लवकरचं?"

"आहे की, विमान. पण विमानानं घोंगडी जात नाही. पाकीट जातं, हलकं."

सुगंधाच्या डोळ्यांपुढं तो वाळवंटात बसलेला दिसला… रोज थैली उघडणारा, रोज दुसऱ्यांच्या नावाची पार्सलं काढणारा. त्याला महिनोन् महिने ताटकळत ठेवायचं? नुसतं एक 'होय' ऐकायला?

तिनं शिवण उसवली. घोंगडी बाजूला काढली. लाडू काढले. मेतकूट काढलं. फळीवर तिचा सगळा संसार पसरला आणि हातात उरली ती बुक्क्याची चिमूटभर पुडी. तीच तिनं पाकिटात घातली.

"चिठ्ठी नाही घालत?" तोतारामांनी विचारलं.

"नाही. अक्षरसुद्धा नाही. वाचायलाच काही नसेल तर कोण कशाला फोडेल?"

असं म्हणून त्या भाबड्या पोरीनं पाकिटावर लाख ओतली आणि चक्र दाबलं. पातळ ओतली हो… वजन वाढू नये म्हणून. ते जुनं वाक्य तिच्या ध्यानातच आलं नाही. आणि तोतारामही बोलले नाहीत; तिच्या तोंडावरचा तो उजेड विझवायला त्यांची जीभ धजली नाही.

पाकीट विमानानं गेलं. बाकीचं पार्सल तिनं पुन्हा शिवलं, त्याच्यावरही चक्र उमटवलं, जाड, ठसठशीत, आणि ते बोटीनं गेलं.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. आणि एका सकाळी अभिमनचं पत्र आलं. जागोजागी सरकारी काळी शाई फासलेलं, पण तिच्या कामाचं तेवढं शाबूत होतं.

'सुगंधा,' त्यानं लिहिलं होतं. पहिल्यांदाच, नुसतं 'सुगंधा'. 'तुझं पाकीट मिळालं. पण काय उद्योग करून ठेवलास! चिठ्ठी नाही, चपाटी नाही, आणि आत काळी भुकटी! साहेबांना वाटलं, दारूगोळाच आहे. तपासायला कुठं कुठं फिरवली. शेवटी आमच्यातल्या एका मराठी शिपायानं चिमूट घेऊन कपाळाला लावून दाखवली, तेव्हा सुटका झाली. उरलेला बुक्का मीही लावला. पण फोडताना लाखेचा पार चुरा झाला. पाकिटाच्या तळाशी नुसते लाल खडे आहेत. चक्र की शंख, काही कळत नाही. घाईच्या टपालाला फार हात लागतात, मी म्हणालो नव्हतो?

'आता एक ऐक. उत्तर पत्रात लिहू नकोस. आपलं ठरलं होतं तसं पार्सलही बोटीनं येत असेल, तर मी त्याची वाट बघतो. आजवर हजारो लोकांच्या लाखा मी नुसत्या बघितल्या. आपल्या नावाची एक तरी मला माझ्या हातानं फोडू दे.'

सुगंधा हसली, मग रडली, मग दौत घेऊन बसली. 'चक्र' एवढा एकच शब्द लिहायचा होता. पण कागदावर टाक टेकवला आणि तिचा हात थांबला. त्यानं मागितलं तरी काय होतं आयुष्यात? एक लाख फोडायची. ते सुख त्याच्या हातून कसं काढून घ्यायचं? तिनं कुशल लिहिलं, बुवांचे आशीर्वाद लिहिले, बैलाचा पाय बरा झाल्याचं भिकुबाईनं तोतारामांना कळवलं होतं ते लिहिलं… तो एक शब्द सोडून सगळं लिहिलं.

त्याचं पुढचं पत्र आलं नाही.

माघातली दुपार होती. सुगंधा अंगणात वात वळत बसली होती. फाटकाशी तोताराम उभे दिसले, ऐन कचेरीच्या वेळी, डोक्यावर टोपी नाही. जिभेवर तिखट असलेला तो माणूस तोंड उघडायचा आणि मिटायचा.

"जामद्याला तार गेली, पोरी," शेवटी ते म्हणाले. "ताप आला होता त्याला… तिकडच्या इस्पितळात…"

हातातला कापूस तिनं खाली ठेवला. अगदी हळू ठेवला, जणू तोही फुटेल.

"काका," तिनं विचारलं, "बोट पोचली होती का?"

ते पोस्टातही कुणाला ठाऊक नव्हतं. आणि त्या दिवसापासून सुगंधाला तेवढा एकच प्रश्न उरला. तो गेला, हे दुःख तर होतंच. ते देवाच्या हातचं. पण तो जाताना त्याला ठाऊक होतं का? की 'चक्र की शंख' करतच त्यानं डोळे मिटले? एक शब्द, एका कागदावर… तिच्या टाकाच्या टोकाशी आला होता, आणि तिनं तो परत दौतीत बुडवला होता.

बुवांनी त्या आठवड्यातलं कीर्तन रद्द केलं नाही. उभे राहिले, वीणेकऱ्यानं सूर धरला, बुवांनी नामाचा गजर उचलला, आणि मागं बसलेल्या लेकीकडं नजर जाताच त्यांचा आवाज चिरला. मग सगळी मंडळीच गजर करत राहिली, कितीतरी वेळ. त्या दिवशी निरूपण झालंच नाही. नंतर बुवा गावोगाव जात राहिले; पण पुन्हा कधी काही घरी विसरले नाहीत.

पार्सल परत आलं ते उन्हाळ्यात. तोतारामांनी ते खिडकीतून दिलं नाही. बाहेर येऊन, दोन्ही हातांनी, नैवेद्याचं ताट द्यावं तसं दिलं. कापडावर परतीचे शिक्के होते, कडा मळल्या होत्या. आणि मधोमध जाड, तांबडी लाख… चक्र जसंच्या तसं. एक आरासुद्धा मोडला नव्हता.

बोट पोचली नव्हती. निदान त्याच्यापर्यंत तरी नाही.

सुगंधानं ते न उघडताच देव्हाऱ्याखाली ठेवलं.

आणि मग एके दिवशी दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, पायांत धूळ, काखेत एक छोटासा पत्र्याचा डबा.

"तू सुगंधा शे ना? शालिग्रामबुवानी आंडेर?"

"हो, मीच त्यांची लेक. या ना, आत या."

"मी भिकुबाई. अभिमननी माय."

सुगंधा तिच्या पायांवर वाकली, ती तिथंच राहिली. म्हातारीनं तिला उठवलं नाही. स्वतःच खाली बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. बुवा आतून आले, त्यांना पाहून परत आत गेले.

मग भिकुबाईनं अभिमनच्या परत आलेल्या सामानाचं सांगितलं, "सरकारकडथून त्यानी पेटी उनी. बठ्ठं समजनं माले. धोतर समजनं, आरसा समजना, तुनी पत्रं समजनी. पन हाई काय शे, ते समजनं नही. दवाई शे का? कुंकू शे? फेकी देणार व्हतू… पन त्यानी इतलं जपीसन ठेयेल शे, मंग कसं फेकू? म्हनीसन तुनाकडे उनू."

तिनं डबा उघडला. आत पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. त्यावर, गोंदानं चिकटवलेले, लाखेचे लाल लाल कण. कण कसले, काही तर मोहरीएवढे! एकेक चिमटीनं उचलून, फिरवून, शेजारच्याशी जुळवून लावलेला. किती दिवस बसला असेल तो… अंगात ताप, बाहेर वाळू, आणि समोर पोस्टाची गोंदाची वाटी. सगळे जुळले नव्हतेच. निम्मी जागा रिकामी होती. पण उरलेल्या निम्म्यात एक वळणदार कड होती, आणि त्या कडेकडून आत निघालेले आरे. एक, आणि त्याशेजारी आणखी एक, आणि आणखी.

सुगंधानं देव्हाऱ्याखालचं पार्सल ओढून घेतलं आणि त्याच्या लाखेशेजारी तो पुठ्ठा धरला. तीच कड. तेच आरे.

शंखाला आरे नसतात, श्रोते हो.

"काय शे, माय?" भिकुबाईनं विचारलं.

"आई," सुगंधा म्हणाली, आणि तो शब्द तिच्या तोंडून आपोआप निघाला, "हे माझं उत्तर आहे. त्यांनी विचारलं होतं. मी 'होय' म्हटलं होतं."

म्हातारी त्या लाल खड्यांकडं बघत राहिली. मग तिनं सुरकुतलेलं बोट हळूच त्यांवरून फिरवलं.

"मंग मना पोऱ्याले समजेल व्हतं ना?"

"हो," सुगंधा म्हणाली. किती महिन्यांनी तिला मोकळं रडू आलं. "हो, आई. समजलं होतं त्यांना."

भिकुबाईनं डोळे पुसले आणि पार्सलाकडं बोट केलं. "आनि हाई? हाई उघडत नही तू?"

सुगंधानं मान हलवली. "ती लाख त्यांच्या नावाची आहे. त्यांनीच फोडायची होती."

म्हातारीनं कनवटीची पुरचुंडी सोडली, चिमूटभर बुक्का काढला, आधी सुगंधाच्या कपाळाला लावला, मग स्वतःच्या, आणि मग त्या पार्सलावरच्या चक्राला.

पुढं सुगंधा बुवांच्या मागं उभी राहून गायला लागली, आणि बुवा थकल्यावर स्वतःच वीणा गळ्यात घालून उभी राहिली. दर वर्षी भिकुबाईच्या अंगणात, जामद्याला, तिचं एक कीर्तन ठरलेलं असायचं. मी ते ऐकलंय. निरूपणाच्या ओघात ती मध्येच थांबायची, मंडळींवरून नजर फिरवायची, जणू मागच्या ओळीत कुणी आलंय का बघतेय. मग हसून पुढं जायची. ते पार्सल शेवटपर्यंत देव्हाऱ्याखालीच होतं.

तेव्हा, श्रोते हो, घरी जा, सुखानं जा. आता झांजा उचला. एवढंच मागणं आहे माझं — कधी तुमच्या दारात लांबून आलेलं पार्सल येईल, आतल्या खाऊसाठी लेकरं भोवती गोळा होतील, तुमचा हात लाखेवर जाईल… तेव्हा क्षणभर थांबा. जामद्याच्या अभिमनची आठवण काढा. त्याच्या नावानं, त्याच्या वाटची, ती लाख तेवढी हळूच फोडा.